एक्सचेंजच्या दारातल्या वायरीचं भाडं: रास्त की लूट?

मोंढ्यातला आडत्या, लातूर
मुंबईत मोठे ब्रोकर शेअर बाजाराच्या म्हणजे एक्सचेंजच्याच डेटा सेंटरात आपला सर्व्हर ठेवतात आणि रॅकचं, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाचं, भाडं भरतात. ह्याला म्हणे कोलोकेशन. भाव त्यांना आधी दिसतो, आम्हाला मागून. आपल्याकडं मालाच्या सौद्याची पोटली सगळ्यांसमोर सुटते. पैसेवाल्याला आधी गुपचूप उघडून दाखवली तर मोंढा बंद पडेल. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०१९ मध्ये एनएसई ह्या एक्सचेंजला ६२४.८९ कोटी व्याजासकट भरायला सांगितलं, ते काय उगाच?

जालनेकर
अर्धीच गोष्ट कामून सांगता? ते प्रकरण भाड्याचं नव्हतंच. सर्व्हरला जो आधी लॉगिन करी त्याला भाव आधी जाई, असा रांगेचा घोळ होता. जानेवारी २०२३ मध्ये सॅटनं, म्हणजे सेबीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणानं, ती वसुली रद्द केली आणि १०० कोटी भरायला लावले. राहिलं भाडं, तर रस्त्यावरच्या गाळ्याला जास्त लागतंच की.

आडत्या
गाळा मोक्याचा असला म्हणून पोटली आधी बघायला मिळत नाही, मालक.

फायबरवाला, परभणी
केबल टाकणं हाच माझा धंदा. काचेतून उजेड मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. लातूर-मुंबई वायर ५०० किलोमीटर धरा, जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. रॅकवाल्याचा हिशोब मायक्रोसेकंदात, म्हणजे मिलिसेकंदाच्या हजाराव्या भागात, चालतो, हे खरं. पण तुमचं बोट बटणावर पडेपर्यंत ह्या दोन्हींच्या कितीतरी पट वेळ जातो. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वायद्यांमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले. ते काय वायरीपायी बुडाले? (आमचा मेहुणा तर टेलिग्रामवरच्या टिपांपायी गेला.)

नांदेडहून
भाडं घ्या, पण उघड घ्या. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजच्या माहवा डेटा सेंटरच्या आवारात वायरलेस अँटेनाचा खांब आहे. तिथल्या जोडणीचे दर नियामकाकडं मांडायला लागू नयेत म्हणून एक्सचेंजची मालक कंपनी भांडली, ही सेवा एक्सचेंजचा भागच नाही म्हणाली. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टात हरली. आपल्याकडं सेबीनं २०१८ मध्ये टिक-बाय-टिक डेटा, म्हणजे बाजारातल्या एकेक ऑर्डर-सौद्याची माहिती, सगळ्या ब्रोकरांना फुकट द्यायला लावला, पण तो घ्यायची यंत्रणा ज्याची त्यानं उभारायची. विहीर सरकारी, मोटार-पाइप आपला.

जालनेकर
मग मोटारीला पैसे लागणारच ना भौ!

आडत्या
लागू द्या. माझ्या पट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी लिहिलेली असते. ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे सौद्याच्या पावतीवर, एक्सचेंजचा चार्ज दिसतो, रॅकचं भाडं कुठंच नाही.

जालनेकर
ते ब्रोकरनं भरलंय. तुमच्या नोटवर कशाला येईल?

आडत्या
आणि ब्रोकर ते कोणाकडून काढायलाय?