पिल्लू फार चावतंय, मुलगा सोफ्यावरून खाली उतरेना. मदत हवी आहे (सांगली)

नमस्कार मंडळी,

घरात कुत्रा पहिल्यांदाच आलाय, प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांपूर्वी यांनी तासगावकडच्या नणंदेच्या मळ्यातून एक गावठी पिल्लू आणलं. तेव्हा पाच आठवड्यांचं होतं. मुलानं नाव ठेवलं भडंग, आणि बेटा नावाला जागतोय. दिवसभर गुणी असतो. संध्याकाळचे सात वाजले की अंगात आल्यासारखा घरभर पळत सुटतो, पायांना डसतो, सासूबाईंच्या नऊवारीचा काष्टा धरून लोंबकळतो.

ओरडून झालं, नाकावर चापटी झाली. कुठल्याशा व्हिडिओत बघून तोंड दाबून धरलं, तर सोडल्यावर दुप्पट जोरानं आला. चावलं की पिल्लासारखं कुंईऽ करून ओरडा असं वाचलं होतं, तेही केलं. त्याला वाटलं नवीन खेळ! सासूबाईंचं एकच, "दात शिवशिवत्यात त्याचं, थांबंल आपोआप." त्या त्याच्या तोंडात दोन-चार बेदाणे टाकतात, तेवढ्यापुरता गप्प बसतो.

परवा मात्र मुलाच्या पोटरीतून रक्त आलं. मुलगा सहा वर्षांचा. सासूबाईंनी लगेच हळद भरली (सांगलीत हळदीला काय तोटा). आता तो खाली पाय टेकवत नाही, जेवणसुद्धा सोफ्यावर. पिल्लाला अजून एकही लस नाही. मुलाला इंजेक्शन द्यावं लागेल का? आणि हे चावणं थांबवायचं कसं? हे म्हणतात, मळ्यात परत सोडून येऊ. माझं मन होत नाही.

प्रतिसाद (जतहून, घरी तीन कारवानी कुत्री)

ताई, कुत्र्याचं नंतर, आधी पोराचं बघा. आजच सिव्हिलला न्या, रेबीजची लस फुकट मिळते. पिल्लू घरातलं आहे म्हणून थांबू नका, लस न झालेल्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. रक्त आलंय, तर जखमेत सिरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील. यापुढे दात लागला की वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही.

दुसरं, बेदाणे आजपासून बंद. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची किडनी निकामी करू शकतो, आणि किती खाल्ल्यावर करेल याचा नेम नाही. आपल्या भागात घरोघरी बरणी भरलेली असते, म्हणून जरा जोरात सांगतोय.

आता चावण्याचं. पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडलं, चूक तिथं झाली. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं खेळ सोडून निघून जातं. दात किती लावायचा ते पिल्लू तिथंच शिकतं. म्हणून किमान आठ आठवडे आईजवळ ठेवायचं असतं. भडंगची ती शाळा बुडाली, आता तुम्हीच त्याची भावंडं. दात लागला की ओरडू नका, हात हिसकू नका. उठा, दाराआड जा, अर्ध्या मिनिटानं परत या. परत चावला, परत जा. चापट मारलीत तर हात दिसला की चावायचं एवढंच शिकेल.

प्रतिसाद (सातारा, गोडोली)

वरच्यांशी सहमत, फक्त घरातल्या सगळ्यांनी तेच करायला हवं. एकानं उठून जायचं आणि दुसऱ्यानं हातानं कुस्ती खेळायची, हे चालणार नाही. तुमच्याकडे कोण खेळतं ते तुम्हीच ओळखा!

संध्याकाळचं अंगात येणं म्हणजे बहुतेक झोप अपुरी. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. सहा वाजताच शांत कोपऱ्यात झोपवून बघा. सासूबाईंचंही अर्धं बरोबर आहे: दुधाचे २८ दात सुयांसारखे असतात, चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्यापर्यंत पक्के ४२ येतात. पण तोवर लागलेली सवय दातांबरोबर पडत नाही. जुन्या पंचाला गाठ मारून, भिजवून फ्रीजरमध्ये ठेवा आणि चघळायला द्या. मुलाला सांगा, भडंग धावून आला की झाड व्हायचं. हात छातीशी, नजर वर, हालचाल बंद. पळणारे पाय त्याला शिकार वाटतात. आणि दोघांना एकटं सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ती, दहा दिवसांनी

सगळ्यांचे आभार. त्याच दिवशी सिव्हिलला गेलो. पहिल्या दिवशीचं, तिसऱ्याचं, सातव्याचं इंजेक्शन झालं, आता अठ्ठाविसाव्या दिवशीचं राहिलं. भडंगला पार्व्होची (पिल्लांना उलट्या-जुलाब होणाऱ्या जीवघेण्या आजाराची) लस दिली, रेबीजची तीन महिन्यांचा झाल्यावर. बेदाण्याची बरणी माळ्यावर गेली.

सहाला झोपवल्यावर सातचा धिंगाणा निम्म्यावर आलाय. दात अजून लावतो, पण दाबत नाही. मुलगा खाली उतरला, आता तर मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन झाड होतो. कुस्तीवाला सापडला, रात्री दहानंतर गुपचूप चालायची, हातावरच्या ओरखड्यांवरून कळलं.

राहिला काष्टा. तो धरला की सासूबाई शिव्या घालत पुढं चालू लागतात आणि हा मागून घसरत जातो, दोघांनाही मजा येत असावी. झाड व्हा म्हटलं तर म्हणतात, "माझी भाकरी तव्यावर करपंल." यावर कुणाकडे काही उपाय आहे का?