‘रोजची भाकर’मधील ‘रोजची’विषयी

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:11) येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ येथे ‘रोजची’ म्हणजे केवळ दैनंदिन, असे आपण लिहिलेत. परंतु मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ इतका सरळ नाही. बायबलच्या नव्या करारात तो फक्त याच प्रार्थनेत, येथे आणि लूक 11:3 मध्ये येतो. तो लोकांच्या बोलण्यात आढळत नसून शुभवर्तमाने लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा, असे तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिगेनने नोंदवले आहे. त्याची फोड ‘जगण्यास आवश्यक’ अशी होते किंवा ‘येणाऱ्या दिवसाची’ अशी. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोमने तर लूकमध्ये ‘रोजची’ ठेवले आणि मत्तयात त्याच शब्दासाठी ‘द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द योजला.

मला ‘येणाऱ्या दिवसाची’ हा अर्थ जवळचा वाटतो. आमच्या खानापूर भागात भातकापणीच्या दिवसांत आई रात्रीच चार भाकऱ्या जास्त थापून, पहाटे शेतावर न्यायला फडक्यात बांधून ठेवत असे. ते गाठोडे आठवले की उद्याची भाकर आज मागण्यात मला हाव दिसत नाही.

शिवाय लूकमधील ‘दे’चे ग्रीक रूप ‘देत राहा’ असे आहे, हेही विचारात घ्यावे.