ठिकाण ओळखणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे का?

आमच्या प्रवासप्रेमी गटात दर रविवारी एक छायाचित्र ओळखायला दिले जाते. गेल्या खेपेला माझी पाळी होती. छायाचित्रात हिरवट पाण्याचा एक शांत कालवा होता, दोन्ही काठांवर उंच झाडांच्या रांगा होत्या आणि डाव्या कोपऱ्यात लॉकची अर्धी दगडी भिंत दिसत होती. कालव्याची पातळी जिथे बदलते तिथे दोन दरवाजांमध्ये जी कुंडी बांधतात आणि जिच्यात नाव उभी करून पाणी भरतात किंवा सोडतात, ती म्हणजे लॉक. चारच मिनिटांत एकाने ‘कानाल द्यु मिदी, दक्षिण फ्रान्स’ असे अचूक उत्तर दिले. कसे ओळखले असे विचारल्यावर त्याने प्रांजळपणे सांगितले की मोबाइलवरच्या चित्रशोधाला विचारले.

माझे मत असे आहे की अशा उत्तराला गुण देऊ नयेत, कारण उत्तर त्या छायाचित्रातच होते. कोपऱ्यातली भिंत सरळ नव्हती, धनुष्यासारखी बाहेरच्या बाजूला फुगलेली होती. इंग्लंडमधल्या अरुंद कालव्यांचे लॉक जेमतेम २.१ मीटर रुंद असते आणि त्याच्या दरवाजांचे लांब दांडे काळ्या-पांढऱ्या रंगात रंगवलेले असतात. फ्रान्समध्ये १८७९ च्या कायद्याने ठरलेल्या मापाची लॉक सुमारे ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद अशी सरळ पेटीसारखी असतात. कानाल द्यु मिदीवर मात्र सुरुवातीला बांधलेली सरळ भिंत मातीच्या दाबाने कोसळली, म्हणून हा कालवा बांधणाऱ्या प्येर-पोल रिके यांनी पुढच्या भिंतींना बाक दिला. पुलाची कमान वरचा भार पेलते, तशी ही आडवी कमान मागच्या मातीचा दाब पेलते. त्यामुळे तिथले लॉक लंबगोल असते, दरवाजाशी सुमारे सहा मीटर आणि मध्यावर अकरा मीटर रुंद. तो बाक ज्याने पाहिला, तो आपोआप १६६६ साली सुरू झालेल्या त्या २४० किलोमीटरच्या बांधकामापर्यंत आणि कालवा १६८१ साली खुला होण्याच्या काही महिने आधीच वारलेल्या रिके यांच्यापर्यंत पोहोचतो. चित्रशोध करणाऱ्याला फक्त नाव मिळाले, आणि मला ते फार थोडे वाटते.

प्रतिसाद १

मी पूर्णपणे असहमत आहे. मी नऊ वर्षे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात राहते आणि इथल्या कालव्याचे कोणतेही छायाचित्र पाठवले की लोक अ‍ॅमस्टरडॅम असेच सांगतात, तेही सविस्तर कारणांसह. पुढे झुकलेली घरे, पुलाच्या कठड्याला टेकवलेल्या सायकली, विटांचे रस्ते अशी ती कारणे असतात, पण यातले जवळजवळ सगळे लायडन आणि डेल्फ्टमध्येही सापडते. उट्रेख्तच्या जुन्या कालव्याची खरी खूण अशी की त्याचा काठ दुमजली आहे. वर रस्ता, आणि खाली पाण्यालगत तळघरांचे दरवाजे व त्यांच्यापुढचा अरुंद धक्का. तुमच्या नियमाप्रमाणे परिच्छेदभर चुकीची कारणे लिहिणाऱ्याला गुण मिळतील आणि चित्रशोधाने बरोबर उत्तर देणाऱ्याला शून्य. हा न्याय मला पटत नाही.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांशी सहमत. ‘झुकलेली घरे’ हे चुकीचे कारण कोणीतरी लिहिले म्हणूनच आपण दुमजली काठाबद्दल सांगितलेत आणि आम्हाला ते कळले. नुसत्या नावाशी वाद घालता येत नाही.

प्रतिसाद ३

कारणे शिळी होतात, याकडे दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष केलेले दिसते. कानाल द्यु मिदी म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती त्याच्या काठावरची प्लेन झाडे. ही आपल्या चिनाराच्या कुळातली झाडे असून तिथे ती सुमारे ४२,००० होती. त्यांवर एका बुरशीचा रोग पडल्याचे २००६ साली आढळले. त्यावर उपाय नसल्यामुळे रोगट झाड तर तोडावे लागतेच, पण त्याच्या शेजारची झाडेही तोडून जाळावी लागतात. आजवर हजारो झाडे गेली आहेत आणि पूर्वी जिथे भर दुपारी सावली असे, अशा काही टप्प्यांवर आता उघड्या काठावर वेगळ्या जातींची रोपे उभी आहेत. हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे आणि ते पाहून मन विषण्ण झाले. झाडांवरून ठिकाण ओळखणारा माणूस खरे म्हणजे छायाचित्राच्या सालाबद्दलही काहीतरी गृहीत धरत असतो. म्हणून अंदाज लिहिल्यावर तो इतर छायाचित्रांशी ताडून पाहण्यासाठी चित्रशोध वापरायला बंदी नसावी.

धागाकर्ता

साल विचारण्याचा मुद्दा मला मान्य आहे. माझे छायाचित्र २००४ चे आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते. आधी कारण लिहावे आणि मग हवे तर चित्रशोधाने पडताळावे, हा क्रमही मान्य आहे. मात्र कारणाशिवाय आलेल्या उत्तराला गुण नाहीत, या मतावर मी ठाम आहे.

प्रतिसाद १

मग हा खेळ युरोप पाहिलेल्यांपुरताच राहील. ज्यांनी लॉक कधी पाहिलेच नाही, त्यांनी भिंतीच्या बाकावरून काय ओळखावे? चित्रशोधामुळे निदान त्यांना भाग घेता येतो.

प्रतिसाद ४

ताई, मी युरोप पाहिलेला नाही. आमची शेती नीरा डाव्या कालव्यावर आहे. तरीही हे छायाचित्र पाहताच एक गोष्ट मला जाणवली, की यातले पाणी वाहत नाही. आमच्याकडे आवर्तन सुटले की पाण्याला ओढ असते, ते काठ घासत जाते आणि त्यात झाडाचे प्रतिबिंब अखंड कधीच दिसत नाही. आवर्तन संपले की तळ उघडा पडतो. काठोकाठ भरलेला आणि तरीही स्तब्ध असा कालवा सिंचनाचा नसणार, तो नावा चालवण्यासाठी समपातळीत राखलेला असणार, एवढे मी घरी बसून सांगू शकलो. पुढे वाचल्यावर समजले की कानाल द्यु मिदीवर बेझिए शहराच्या अलीकडे सुमारे ५४ किलोमीटर अंतरात एकही लॉक नाही, म्हणजे तेवढ्या अंतरात पाण्याची पातळी एकच राखलेली आहे. फ्रान्स हे नाव मला आले नसते, हे खरे. पण चित्रशोध आधी केला असता, तर ते पाणी स्तब्ध का आहे, हा प्रश्नच मला पडला नसता.