असॉल्ट रायफलला मराठीत काय म्हणावं?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन शस्त्रांवर मराठीत लेख लिहितेय. ‘श्टुर्मगेवेर ४४’चं मी ‘वादळी बंदूक ४४’ केलं, तर नवरा हसून लोळला. नेमका शब्द काय? आणि ‘प्रोटोटाइप’ला ‘नमुना’ चालेल ना?

— ताई, श्टुर्म म्हणजे वादळ हे खरंच, पण फौजी भाषेत त्याचा अर्थ ठाण्यावर तुटून पडणं. किल्ल्यावर चौफेर चढाई झाली की आपल्याकडे ‘सुलतानढवा’ म्हणत, तोच भाव. पण ‘सुलतानढवा रायफल’ छापलीत तर आणखी हसतील! सरळ ‘असॉल्ट रायफल’ लिहा.

— पण लेख कोणत्या सालाबद्दल आहे? १९४२ मध्ये ‘श्टुर्मगेवेर’ हे नाव नव्हतंच. ह्यूगो श्मायसरने हेनेल कंपनीसाठी केलेली रायफल आणि वाल्थरची तिची स्पर्धक, दोघींचं नाव ‘मशीनेनकाराबीनर’, म्हणजे यंत्र-कार्बाइन (कार्बाइन म्हणजे आखूड रायफल). हिटलरला हे नवं खूळ नको होतं, म्हणून १९४३ मध्ये कागदोपत्री ती ‘एमपी ४३’, म्हणजे मशीन पिस्तूल झाली. जुन्याच जातीतलं शस्त्र असल्याचा आव! त्याचं मन वळलं आणि १९४४ च्या उत्तरार्धात ‘श्टुर्मगेवेर’ आलं. त्या त्या साली जे नाव, तेच वापरा.

— खरी गोम काडतुसात आहे. कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास तोच, ७.९२ मिमी, पण पुंगळी, म्हणजे काडतुसातली दारू भरायची नळी, ५७ वरून ३३ मिमीवर आणली. म्हणून ‘कुर्त्स’, आखूड. दारू कमी म्हणून खांद्याला धक्का कमी, त्यामुळे सलग झाडतानाही नेम आवरता येतो. बहुतेक चकमकी तीनचारशे मीटरच्या आत होत, तिथे लांब काडतूस वायाच. आणि त्या ३३ मिमीला ‘काडतुसाची लांबी’ म्हणू नका, ती पुंगळीची आहे.

— ‘नमुना’ नको हो. मला ग्रामपंचायतीचा नमुना ८ आठवतो, नाहीतर आमच्या शेजारचं कार्टं. शिवाय हेनेलची ती १९४२ ची रायफल हजारोंनी बनून पूर्व आघाडीवर वापरली गेली, तिला कसला प्रोटोटाइप म्हणता? ‘चाचणीची रायफल’ म्हणा. ‘प्रोटोटाइप’ शोभतो माउझर कंपनीच्या ‘गेरेट ०६एच’ला. गेरेट म्हणजे नुसतं ‘उपकरण’. तिचे जेमतेम ३० नगांपुरते सुटे भाग झाले होते, तेवढ्यात युद्ध संपलं.

— धन्यवाद! ‘पुंगळी’ आधी सुचलीच नाही, मी सगळीकडे ‘काडतुसाचं कवच’ लिहून बसले होते.