राज्यसेवेच्या डिजिटल टिपणांसाठी फोल्डर की टॅग?

कोरी_वही:
राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून मी टिपणे ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये काढत आहे. सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांचे चार फोल्डर, त्यांत विषय, विषयात घटक, घटकात उपघटक अशी मांडणी आहे. पंचायत राजविषयीच्या ७३व्या घटनादुरुस्तीचे टिपण राज्यव्यवस्थेत ठेवले, तर त्यातील महिला आरक्षणाचा भाग समाजाच्या घटकात सापडत नाही आणि पेसाचा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याचा) भाग आदिवासी विकासात. दोन्हीकडे प्रती ठेवल्या की एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जाते. फोल्डर मोडून सगळा भार टॅगांवर टाकावा का?

सातमाळा:
फोल्डर मोडू नका, उथळ करा. पेपर आणि विषय हे दोनच स्तर पुरेत. टिपण मुळात कोणत्या विषयाचे एवढेच फोल्डरने सांगावे आणि ते आणखी कोठे उपयोगी पडेल हे #महिला_आरक्षण, #ग्रामसभा अशा टॅगांनी. शिवाय विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण मार्गाला एरवी २६० अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजली जात असल्याने मराठी नावांचे खोल फोल्डर ती लवकर गाठतात.

निशिगंध:
टॅगांवर माझा इतका विश्वास नाही. #महिला_आरक्षण, #महिलाआरक्षण आणि #स्त्री_आरक्षण हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे टॅग असतात, आणि घाईत आपण तिन्ही वापरतो. म्हणून अभ्यासक्रम समोर ठेवून टॅगांची यादी आधीच एका फाइलमध्ये करावी आणि तिच्याबाहेरचा टॅग लावू नये. मात्र तुमची खरी अडचण, माझ्या मते, टिपणाच्या आकाराची आहे. ७३वी घटनादुरुस्ती (१९९२), पेसा (१९९६) आणि महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना दिलेले ५० टक्के आरक्षण (२०११) यांची तीन स्वतंत्र टिपणे करून ती दुहेरी चौकटी कंसांतील दुव्यांनी जोडली, तर प्रत काढण्याची वेळच येणार नाही. फाइल हलवायची झाल्यास ऑब्सिडियनमधूनच हलवावी, म्हणजे दुवे तुटत नाहीत.

कोरी_वही:
टिपणे वेगळी करणे पटले. चालू घडामोडींचे काय करावे?

सातमाळा:
त्यांना विषयवार फोल्डर नकोत, कारण एकाच बातमीत अर्थव्यवस्था आणि पर्यावरण दोन्ही येतात. महिन्याचा एक फोल्डर, नावाच्या आरंभी तारीख आणि टॅग निशिगंध यांनी सांगितलेल्या यादीतलेच ठेवावेत.