1991 चे आर्थिक संकट आणि तेव्हाची जाहीर चर्चा: आपले अनुभव लिहा

1991 च्या जूनमध्ये देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढेच परकीय चलन उरले होते, आणि ही गोष्ट घरोघरी पोहोचली ती वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्यामार्फत. संकटाच्या कारणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते कोणत्या शब्दांत आपल्यापर्यंत आले आणि त्या शब्दांवरून घरात, कचेरीत, पारावर कोणते वाद झाले, हे मात्र ज्यांनी ते ऐकले त्यांनीच लिहायला हवे.

सुरुवात मी करते. पुण्याच्या आमच्या घरी वडील सकाळी अग्रलेख मोठ्याने वाचत. ‘परकीय चलनाची गंगाजळी आटली’ हे शब्द कानी पडताच आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली, कारण तिच्या लेखी गंगाजळी म्हणजे देवघरातला, अखेरच्या घटकेसाठी तोंड बंद करून ठेवलेला तांब्याचा गडू. वडिलांनी अर्थ समजावला, तेव्हा तिने विचारले, “मग गेली कशात?” वडिलांनी तो अग्रलेख पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. ‘नामुष्की’ हा शब्द त्यात तीनदा होता. तेलाच्या आयातीचा, अल्पमुदतीच्या कर्जांचा किंवा आखाती युद्धाचा आकडा एकदाही नव्हता.

सोलापूर, तेव्हा उपसंपादक

मी एका जिल्हा दैनिकात रात्रपाळीला होतो. वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर टेलिप्रिंटरवर यायचा आणि आम्ही तो फाडून, समोर ठेवून, हाताने मराठीत उतरवायचो. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सोने विमानाने परदेशी जात असल्याची बातमी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने फोडली, आणि त्या रात्री मथळ्यावरून आमच्याकडे बराच वेळ वाद झाला. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन सोने स्वित्झर्लंडमध्ये परत खरेदी करण्याच्या अटीवर विकले गेले होते, तर जुलैमध्ये सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवले जात होते. हे दोन वेगळे व्यवहार आहेत, ते वेगळे सांगावेत, असे माझे म्हणणे होते. वरिष्ठांचे म्हणणे असे की वाचकाला ‘गहाण’ कळते, ‘तारण’ कळत नाही. शेवटी मथळा ‘देशाचे सोने गहाण’ असा गेला आणि मेमधला व्यवहारही त्याच शब्दाखाली ढकलला गेला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माणसे मंगळसूत्र मोडल्यासारखी हळहळत होती. ती हळहळ खरी होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच वर्षी ते सोने सोडवले गेले तेव्हा आम्ही ती बातमी आतल्या पानावर, एका स्तंभात लावली. पान मीच लावले होते. त्याची खंत मला आजही आहे.

नागपूर, तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थिनी

1 आणि 3 जुलै असे दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले, म्हणजे परकीय चलनाच्या तुलनेत त्याची किंमत मुद्दाम कमी केली गेली, आणि आमच्या वादविवाद मंडळाने लगेच तोच विषय घेतला. मी ‘नाणेनिधीपुढे शरणागती’, म्हणजे कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे सरकार झुकले, या बाजूने बोलले आणि टाळ्याही मिळाल्या. नंतर सरांनी मला त्याच विषयावर उलट बाजूने तयारी करायला लावली. वाचनालयात आठवडाभर बसून स्वस्त रुपयाने निर्यात वाढते ही बाजू शोधताना लक्षात आले की माझ्या पहिल्या भाषणातील निम्मी वाक्ये वृत्तपत्रांतून जशीच्या तशी उचललेली होती.

संगमनेर तालुका, शेतकरी

24 जुलैच्या अर्थसंकल्पात मनमोहनसिंगांनी खतांच्या किमती 40 टक्क्यांनी वाढवल्या. पुढे ती वाढ 30 टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना तीतून वगळल्याचे जाहीर झाले. आमच्या गावात पारावर दोन तट पडले होते: शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांना मानणारे म्हणत की सरकारचा हात बाजारातून निघालाच पाहिजे, आणि आम्ही म्हणत होतो की अनुदान आधी आमचेच का जावे. शहरातल्या चर्चेत मात्र आम्ही ‘अनुदानाचा बोजा’ या दोन शब्दांत संपत होतो. सवलतीची बातमी मी वाचली, दुकानात गेलो, तर दुकानदारही तीच बातमी वाचून बसला होता. लहान शेतकरी कोणी आणि कसा ठरवायचा, हे ना त्याच्याकडे आले होते ना माझ्याकडे. युरियाची गोणी मी वाढीव भावानेच उचलली.

म्हापसा, गोवा

इराकने कुवेत बळकावल्यावर माझा काका 1990 साली कुवेतहून अम्मानमार्गे मुंबईला उतरला, तेव्हा त्याच्या खिशात कुवेती दिनार होते आणि ते कोणी घ्यायला तयार नव्हते. पुढच्या वर्षी देशाच्या अब्रूवर जी चर्चा चालली होती, ती तो रोज वाचायचा. आखातातली माणसे घरी पैसे पाठवतात तेही परकीय चलनच असते, आणि तो ओघ युद्धामुळे आटला, हे कोणी का लिहीत नाही, याचे त्याला फार वाईट वाटे. अखेर त्याने संपादकांना दोन पानी पत्र लिहिले. ते छापून आले, पण चारच ओळींत, आणि त्यात कुवेतचा उल्लेख नव्हता. कात्रण काकूने ठेवले आहे. गाळलेला मजकूर काकाने त्याच्या समासात शाईने पुन्हा लिहिला होता.