सी-२९५ बडोद्यात बनतंय की नुसतं जुळतंय?

सूरसागरकाठी

दिवाळीला नागपूरचे साडू सहकुटुंब आले होते. जेवणं उरकून गच्चीवर बसलो होतो. हरणीच्या बाजूनं हवाईदलाचं एक करडं विमान घरघरत गेलं आणि मी सहज बोलून गेलो, "आता ही आपल्या गावात बनणार." साडू म्हणाले, "आमच्या ताटातली ओढून नेलीत, तेही सांगा की." तिथून जे सुरू झालं ते साडेअकरापर्यंत. शेवटी बायकोनं गच्चीचा दिवाच घालवला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हवाईदलासाठी छप्पन्न सी-२९५ मालवाहू विमानांचा सुमारे २१,९३५ कोटींचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. सोळा एअरबसनं स्पेनमधून तयार पाठवायची, चाळीस टाटांनी इथं बनवायची. २८ ऑक्टोबर २०२४ला मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान सांचेझ यांनी कारखान्याचं उद्घाटन केलं. स्पेनची सोळाही येऊन पोचली. इथलं पहिलं सप्टेंबर २०२६ पर्यंत आणि चाळिसावं ऑगस्ट २०३१ पर्यंत, असं वेळापत्रक आहे.

साडू गेले आणि मलाच एक गोष्ट टोचायला लागली. ही विमानं हवाईदलाच्या ज्या जुन्या अ‍ॅव्रोच्या जागी येताहेत, ते अ‍ॅव्रोही भारतातच जुळवलेलं. कानपूरला, इंग्रज कंपनीच्या परवान्यावर. पहिलं नोव्हेंबर १९६१ मध्ये उडालं. म्हणजे तेव्हा दोन पंख्यांचं मालवाहू विमान परवान्यावर, आणि साठ वर्षांनी त्याच्या जागी दोन पंख्यांचं मालवाहू विमान पुन्हा परवान्यावर. मधल्या काळात कानपूरनं काय शिकवलं मग?

आणि तो शहाण्णव टक्क्यांचा आकडा. सरकारी निवेदन असं आहे की एअरबस स्पेनमध्ये एका विमानावर कामाचे जेवढे तास घालते, त्यांतले ९६ टक्के तास भारतात घातले जातील. तासांचे टक्के आहेत ते, विमानाचे नाहीत. इंजिन एअरबस बनवतच नाही, ते प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं. उद्घाटनाच्या बरोबर चौदा दिवस आधी भारत आणि कॅनडा यांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी हाकलले होते. त्या दिवशी रस्त्यावर फुलं उधळणाऱ्यांत हे किती जणांच्या डोक्यात होतं?

विमान घ्या, लागणारच आहे. 'आपण बनवलं' म्हणायची घाई नको, एवढंच. पटत नसेल तर बोला.

वर्धारोडवाला

काका, साडूंचा मुद्दा तुम्ही सफाईनं गिळलात. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप कारखाना गुजरातला गेला. तेव्हा आमचे उद्योगमंत्री टाटा-एअरबस नागपुरात येईल म्हणून सांगत होते. महिनाभरात कळलं, बडोदा. ३० ऑक्टोबरला पायाभरणी, डिसेंबरात तुमच्याकडं मतदान. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात जमीन आहे, धावपट्टी आहे, प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना २०१५ पासून चालू आहे. मग कोणतं तांत्रिक कारण होतं ते एकदा सांगा. इंजिन कॅनडाचं की कळव्याचं यावर वाद घालायची चैन आम्हाला नाही. आमची पोरं पुण्याला जातात, आता बडोद्यालाही येतील.

मांडवीचा_मोरू

भाऊ, फडणवीसांनी तेव्हाच सांगितलं होतं की निर्णय आघाडी सरकारच्या काळातच झालेला होता. तुमच्याकडच्या विरोधकांना ते पटलं नाही, तो तुमचा घरचा मामला. फॉक्सकॉन तर जुलै २०२३ मध्ये वेदांताला सोडून चालती झाली, म्हणजे जे 'पळवलं' ते आमच्याही पदरात पडलं नाही. आणि नाशिकजवळ ओझरला मिग बनले, सुखोई बनले, आता तेजस लढाऊ विमानाची तिसरी लाइन आली. तिथलं पहिलं तेजस १७ ऑक्टोबर २०२५ला उडालं. ते कुणाच्या ताटातलं?

वर्धारोडवाला

ओझर १९६४ सालचं आहे. आजोबांच्या पुण्याईवर नातवाला गप्प बसवताय. आणि ओझर ते नागपूर अंतर एकदा नकाशावर बघा, महाराष्ट्र म्हणजे एक गल्ली नाही.

शेड_नंबर_चार

मकरपुरा जीआयडीसीत आमची छोटी शेड आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कोरायची मशीन), एक म्हातारी लेथ. नवरा मशीन बघतो, मी कागद बघते. काकांच्या 'नुसतं जुळवणं'वर बोलायचं आहे, थोडं लांबेल.

दोन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून (नाव नको) विमानाच्या ब्रॅकेटची विचारणा आली. तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, ठोकळ्यातून कोरून काढायचा. वीस वर्षं पंपाचे भाग करतोय, त्यामुळं यांनी पहिले पाच नग दोन दिवसांत काढले. मापं पक्की. पाचही परत आले.

कारण कडा. ड्रॉइंगमध्ये कडेला ठरावीक गोलाई दिली होती. आमच्या पोरानं पंपाच्या भागाला मारतो तशी कानस मारली. बोटाला काही लागत नव्हतं, पण भिंगाखाली बारीक ओरखडा दिसत होता. आलेल्या माणसानं मला भिंग हातात दिलं आणि म्हणाला, बेन, तडा इथून सुरू होतो. पंप गळला तर गिऱ्हाईक फोन करतं. इथं फोन करायला कोणी उरत नाही.

दुसऱ्या खेपेला तुकडे बरोबर, कागद चुकला. ज्या ठोकळ्यातून कापलं त्याचा हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) एका तक्त्यावर एका आकड्यानं वेगळा पडला होता. चूक माझी. पुन्हा परत. पहिल्या नगाचा तपासणी अहवाल म्हणजे ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक द्यायचा आणि समोर प्रत्यक्ष आलेलं माप लिहायचं. आमच्या त्या टिचभर तुकड्यावर एकशे बारा क्रमांक होते. तिसऱ्या खेपेला पास झालो. एएस-९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं सर्टिफिकेट काढायला जे गेलं ते वेगळंच, त्या वर्षी घराचा रंग राहिला.

आता तो पोरगा पंपाच्या भागांच्याही कडा गोल करतो. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, पण हात तसाच पडतो. याला तुम्ही जुळवणी म्हणा. निवेदनात १३,४०० सुटे भाग भारतात करायचं लिहिलंय. त्यातले हजार जरी आमच्यासारख्या शेडांत झाले, तर किती हात बदलतील ते मोजा. कानपूरला सरकारी कारखाना होता. माझा अंदाज, तिथलं शिकणं भिंतीच्या आतच राहिलं.

सूरसागरकाठी

ताई, भिंगाचं वाचून थांबलो. असं लिहिणारं माणूस धाग्यावर रोज येत नाही.

पण गोलाई किती ठेवायची हे ज्यानं ठरवलं तो माणूस कुठं बसतो? तुम्ही 'कसं' शिकलात, 'का' त्याच्याकडंच राहिलं. 'का' आपल्याकडं होतं तेव्हाही आपण ते सोडलं. मारुत आठवा. बेंगळुरूत बनलेलं लढाऊ विमान, जर्मन कुर्ट टँक मुख्य आरेखक, जून १९६१ मध्ये उडालं. त्याला हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन मिळालंच नाही. त्यातल्या ऑर्फियस या विलायती इंजिनाची ताकदवान आवृत्ती घडवायला पैसे लागणार होते, ते आपण दिले नाहीत. मग १९८९ मध्ये तेजससाठी इथलंच कावेरी इंजिन मंजूर झालं आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं काढलं. तेजस मार्क-१एसाठी २०२१ मध्ये अमेरिकेला नव्व्याण्णव इंजिनांची ऑर्डर दिली, त्यातलं पहिलं मार्च २०२५ मध्ये आलं. तेजसचं आरेखन आपलं, तरी इंजिनाची वाट बघत बसावं लागलं. मग या चाळिसांचं काय?

अकरावी_स्क्वाड्रन_निवृत्त

सगळे विद्वान बोलले. मी सार्जंट होतो, याच बडोद्यात अ‍ॅव्रोत माल चढवला आहे.

अ‍ॅव्रोला मागं उघडणारं दार नाही. जे काय घालायचं ते बाजूच्या दारातून. एकदा एक जनरेटर तिरका करून, उभा करून, आडवा करून, दोन तास, जूनचं ऊन, पत्रा हाताला चटका देतोय. शेवटी तो उतरवला आणि ट्रकनं पाठवला. सी-२९५ला मागं रॅम्प आहे, गाडी सरळ आत जाते. एकाहत्तर जवान किंवा पन्नास पॅराट्रूपर बसतात. छोट्या, कच्च्या धावपट्टीवर उतरतं.

आता हिशेब ऐका. अ‍ॅव्रोच्या बदलीची निविदा २०१३ची. खाजगी भारतीय कंपनीनं इथंच बनवायचं अशी अट होती. बोली आली एकच. ती घ्यायची की नाही यात करार २०२१ला. एवढी वर्षं पोरं त्याच बाजूच्या दारातून माल चढवत राहिली. आणि स्पेनहून यायची ती सोळा? करारानंतर चार वर्षांत आली सुद्धा. मला विचाराल तर छप्पन्नही तयार घ्यायला हवी होती, स्वदेशीचा अभ्यास शांतपणे दुसऱ्या कशावर तरी करा. ताई, तुमच्या ब्रॅकेटबद्दल आदर आहे, पण जनरेटर मी ढकलला आहे.

शेड_नंबर_चार

काका, शांतपणे अभ्यास करायला ऑर्डर कोण देतं? ऑर्डरशिवाय भिंग घेऊन कोणी माझ्या दारात उभं राहत नाही.

राष्ट्र_सर्वप्रथम_१०८

कॅनडा कॅनडा काय लावलंय. देशाची प्रगती बघवत नाही त्यांनी पाकिस्तानात जावं.

अकरावी_स्क्वाड्रन_निवृत्त

त्यांच्याकडं सीएन-२३५ आहे, याच विमानाचा आकारानं छोटा, वयानं थोरला भाऊ. तिथं जाऊन काय फायदा? बसा इथंच.

डभोई_नॅरोगेज

बडोद्याच्या लोकांना हा वाद नवा नसावा. डभोई–मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज, खंडेराव महाराजांच्या काळातली, १८६२ची. सुरुवातीला डबे बैल ओढायचे. ग्लासगोहून इंजिनं आली तर रूळ त्यांच्या वजनाला कच्चे निघाले. १८७३च्या सुमाराला रूळ बदलले तेव्हा कुठं इंजिनं नियमित धावली. तेव्हा कोणी 'याला काय रेल्वे म्हणायचं' असं विचारलं असेलच. पण रूळ होते म्हणूनच पुढं इंजिन आलं. काकांचा बैलांवर राग दिसतो.

सूरसागरकाठी

बैलांवर कसला राग, आमच्या आजोळी चार होते. पण तुमची गोष्ट पुरती सांगा ना. ती इंजिनं विलायतेची, पुढंही विलायतेचीच. चित्तरंजनचा रेल्वे इंजिनांचा कारखाना सुरू झाला १९५० मध्ये. मोजा, अठ्ठ्याऐंशी वर्षं.

डभोई_नॅरोगेज

चूक. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्येच इंजिन बनलं होतं.

सूरसागरकाठी

बनलं होतं, मान्य. दुरुस्तीबद्दल आभार. पण त्यानं माझीच बाजू घट्ट झाली, बघा. १८९५ला हातांना येत होतं, तरी त्यानंतरची पन्नासेक वर्षं बहुतेक इंजिनं जहाजानंच येत राहिली, कारण ज्यांनी ठरवायचं त्यांना इथं बनवायचं नव्हतं. ताईंच्या पोराचा हात तयार होतोय यावर मी आता वाद घालणार नाही, ते मी आधी हलकं लेखलं. पण २०३१ला चाळिसावं विमान हँगरबाहेर गेल्यावर त्या हाताला काम कोण देणार? एकेचाळिसावं कुणाच्या ड्रॉइंगवर? साडूंना नागपूर की बडोदा हा प्रश्न मोठा वाटतो, मला हा वाटतो. आणि दोन्ही प्रश्न दिल्लीत एकाच टेबलावर सुटतात किंवा पडून राहतात. निवडणुकीत पायाभरणीला गर्दी होते. इंजिनाला वीस वर्षं पैसे पुरवा अशी सभा मी तरी ऐकलेली नाही, कोणत्याच पक्षाची.

मांडवीचा_मोरू

काका, बडोद्याचं कलाभवन, ती हस्तकौशल्य शिकवणारी संस्था, विसरलात. सयाजीरावांनी १८९०ला काढलं तेव्हा तिथून बाहेर पडणाऱ्यांना देणार काय, हे कोणाला ठाऊक होतं? फाळके तिथं शिकले आणि सिनेमा काढून बसले. शिकलेला हात बसून राहत नाही.

सूरसागरकाठी

फाळक्यांना कॅमेरा विकत मिळाला, मोरोबा. जेट इंजिनाच्या गरम भागाची पाती कोणी विकत देतं, पण ती कशी ओततात हे पैसे देऊनही सांगत नाहीत.

वर्धारोडवाला

सगळं वाचलं. मिहान मी विसरलेलो नाही, काका, ते पुन्हा काढीनच. पण शेड नंबर चारवाल्या ताईंना एक विचारायचं आहे. हिंगण्याला माझीही शेड आहे, तीन व्हीएमसी. ट्रॅक्टरचे भाग करतो. त्या ब्रॅकेटमध्ये पैसे सुटतात का?

शेड_नंबर_चार

खरं सांगू? अजून नाही. पहिल्या वर्षी नुकसान, दुसऱ्या वर्षी बरोबरी. वेळ जातो गंज रोखणारा थर चढवण्यात, म्हणजे अ‍ॅनोडायझिंगमध्ये. नॅडकॅप, म्हणजे विमानाच्या भागांवर अशा प्रक्रिया करायची मान्यता असलेल्या ठिकाणीच करावं लागतं. आम्ही बेंगळुरूला पाठवतो, जाऊन-येऊन बारा-पंधरा दिवस, आणि मध्ये पेटी कुठं आपटली तर सगळे नग बाद. तुमच्याकडं विमान दुरुस्तीचा कारखाना आहे म्हणालात ना वर? त्याच्या आसपास नॅडकॅपवालं कोणी आहे का?

वर्धारोडवाला

उद्या विचारतो. ब्रॅकेटची लांबी-रुंदी काय, आणि एका खेपेला किती नग?